यलोस्टोनचे बायसन दुसरीकडे नेतात म्हणजे नक्की काय करतात? नेहमी येणारे प्रश्न

अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कमधले जंगली बायसन पकडून नेटिव्ह अमेरिकन ट्राइब्जच्या जमिनींवर सोडतात, हे आता बऱ्याच जणांच्या कानावर आलंय. त्यावर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकतोय. आधीच सांगतो, माझा कल ट्राइब्जकडे आहे. पण गुरंवाल्यांचं म्हणणंही खाली आहे आणि ते अगदीच उगाच आहे असं मला वाटत नाही.

बायसन म्हणजे आपला गवाच ना?

नाही. राधानगरी-दाजीपूरला दिसतो तो गवा, डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला शिरला आणि पकडापकडीत बिचारा जिवानिशी गेला तोही गवाच. इंग्रजी पेपरवाले त्याला सर्रास इंडियन बायसन लिहितात म्हणून घोळ होतो. अमेरिकन बायसनचा पुढचा अर्धा भाग दाट केसांचा, खांद्यावर हा मोठा उंचवटा आणि डोकं इतकं खाली की दाढी गवताला लागते. त्या उंचवट्यात सगळे स्नायू असतात आणि थंडीत तो डोकं डावी-उजवीकडे झाडून गुडघाभर बर्फ बाजूला सारतो आणि खालचं वाळकं गवत खातो, हे बघण्यासारखं असतं, तोंडावर बर्फाचा थर बसलेला आणि त्यातून नुसती वाफ निघतेय. मोठा वळू ९०० किलोपर्यंत भरतो, मादी साधारण त्याच्या निम्मी. तिकडे लोक त्याला बफेलोही म्हणतात, ट्राइब्जची माणसं तर जास्त करून बफेलोच.

हे कोट्यवधी होते म्हणतात, मग गेले कुठे?

मारले. तीन ते सहा कोटी असावेत असा अंदाज सांगतात आणि १८८०च्या दशकाच्या शेवटी हजारसुद्धा उरले नव्हते. रेल्वे आली, कातड्याला भाव आला, कारखान्यांच्या मशीनचे पट्टे त्या कातड्याचे व्हायचे, त्यामुळे शिकारी नुसती कातडी काढून बाकीचं धूड तिथेच सडायला टाकून जायचे. मैदानी ट्राइब्जचं खाणं, तंबू, कपडे, हत्यारं सगळं या एका जनावरावर होतं, तेव्हा बफेलो संपले की ही माणसं मुकाट्याने रिझर्व्हेशनवर, म्हणजे सरकारने आखून दिलेल्या जमिनीवर, येऊन बसतील हे सैन्यातल्या मोठ्या लोकांना नीट कळत होतं आणि ते त्यांना हवंच होतं.

यलोस्टोन पार्क १८७२चं, पण तिथेही १९०२ पर्यंत जेमतेम दोन डझन जंगली बायसन शिल्लक होते. मग खाजगी कळपांमधून २१ आणून वाढवले. आज जे काही हजार दिसतात ते या दोघांची मिळून झालेली वंशावळ.

म्हणजे बायसन हलवणं हा नवा प्रकार नाही?

अजिबात नाही. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधून १५ बायसन रेल्वेच्या डब्यातून ओक्लाहोमाच्या विचिटा डोंगरात पाठवले होते. मैदानावरचं जनावर मैदानावर परत आणायला न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून आणावं लागलं, यावरून किती वेळ आली होती ते समजा.

पण माझी आवडती गोष्ट पाब्लोच्या कळपाची. १८७० च्या दशकात काही वासरं डोंगर ओलांडून पलीकडे माँटाना राज्यातल्या फ्लॅटहेड रिझर्व्हेशनवर नेली गेली, त्यांचा कळप झाला, तो मिशेल पाब्लो आणि चार्ल्स ॲलार्ड या दोघांनी १८८४ मध्ये विकत घेतला आणि इतका वाढवला की देशातला सगळ्यात मोठा झाला. मग १९०४ मध्ये सरकारने कायदा करून ते रिझर्व्हेशन बाहेरच्या शेतकऱ्यांना वाटायला काढलं, पाब्लोची चराई जाणार, त्याने अमेरिकन सरकारला कळप विकत घ्या म्हणून विचारलं, सरकारने नाही म्हटलं आणि कॅनडाने घेतला. शेकडो बायसन, तेही पकडून डब्यात भरायचे, त्या कामाला १९०७ पासून पुढे काही वर्षं गेली. त्यातले काही अल्बर्टामधल्या एल्क आयलंड पार्कमध्ये राहिले आणि त्यांचीच ८७ वासरं एप्रिल २०१६ मध्ये माँटानाच्या ब्लॅकफीट ट्राइबकडे परत आली. जून २०२३ मध्ये ब्लॅकफीटनी त्या कळपातले दोन डझनाच्या आसपास चीफ माउंटनच्या पायथ्याशी मोकळे सोडले, तिथे पुढे कुंपण नाही, एका बाजूला ग्लेशियर पार्क आणि दुसरीकडे कॅनडा. शंभरेक वर्षांचा फेरा झाला तो असा.

यलोस्टोन एवढं मोठं आहे, मग तिथेच राहू दे ना त्यांना. हलवायचं कशाला?

पार्क मोठं आहे पण उंचावर आहे. जास्त बर्फ पडला की बायसन खाली उतरतात, उत्तरेला गार्डिनरकडे आणि पश्चिमेला वेस्ट यलोस्टोनकडे, आणि तिथे पार्कची हद्द संपून माँटाना राज्य सुरू होतं. एल्क म्हणजे तिकडची मोठाली हरणं, बाकीची हरणं, अस्वलं सगळी ही हद्द ओलांडतात आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. बायसनने ओलांडली की ते प्रकरण होतं, कारण त्यांच्याकडून गायींना ब्रुसेलोसिस हा रोग होईल अशी गुरंवाल्यांना भीती, त्याबद्दल खाली आहेच. राज्यात त्यांना ठरवून दिलेल्या थोड्याशा पट्ट्यात फिरू देतात, त्यापुढे नाही.

वर हा कळप वर्षाला १० ते १७ टक्क्यांनी वाढतो. लांडगे आहेत, पण धडधाकट बायसनच्या वाट्याला ते सहसा जात नाहीत, सोपा एल्क असताना कोण जाईल. माँटानाने १९९५ मध्ये कोर्टात केस केली, त्यातून २००० मध्ये सगळ्या खात्यांनी मिळून एक प्लॅन केला, आणि तेव्हापासून दरवर्षी थंडीत काही बायसन कमी करायचे असं चालू आहे. कमी करायचे म्हणजे शिकार, कत्तलखाना किंवा क्वारंटाइन करून जिवंत पाठवणं. १९९६-९७च्या हिवाळ्यात हजाराच्या वर गेले, २०२२-२३ मध्ये दीड हजाराच्या वर. यात जिवंत पाठवलेल्यांचा आकडा बहुतेक वेळा लहानच असतो, आणि तो का लहान असतो हेच खरं समजून घेण्यासारखं आहे.

ब्रुसेलोसिसचं काय प्रकरण आहे?

ज्यांच्या घरी दूधधंदा आहे त्यांना सांगायला नको. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, पुढे गाभ धरत नाही, आणि कच्च्या दुधातून किंवा हाताळताना माणसालाही होतो, ताप जातो-येतो आणि सांधे धरतात. आपल्याकडे ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना याचीच लस सरकारी मोहिमेत टोचतात, पाड्यांना नाही.

हा रोग अमेरिकेत युरोपातल्या गुरांबरोबर आला. बायसनला तो गायींनी दिला. यलोस्टोनच्या बायसनमध्ये पहिल्यांदा १९१७ मध्ये सापडला आणि आज तिथल्या मोठ्या माद्यांमध्ये साधारण ६० टक्के रक्ततपासणीत पॉझिटिव्ह येतात. पॉझिटिव्ह म्हणजे आजारी असं नाही हं, कधीतरी जंतूशी गाठ पडली होती एवढंच, बऱ्याच जणी पुढे ठणठणीत असतात. पसरतो मुख्यतः गाभडलेला गर्भ, वार, बाळंतपणाचं पाणी यातून, दुसऱ्या जनावराने ते हुंगलं-चाटलं की झालं. म्हणजे धोक्याचा काळ हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंतचा, आणि नेमके तेव्हाच ते खाली उतरलेले असतात.

बायसनमुळे गायींना झाल्याच्या किती केसेस आहेत?

जंगलातल्या मोकळ्या बायसनकडून गायींना लागण झाल्याची एकही सिद्ध झालेली केस नाही. यलोस्टोनच्या आसपास गेल्या काही दशकांत गायींमध्ये जे प्रादुर्भाव झाले त्यांचा माग काढला तर तो एल्ककडे जातो, २०१७ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालानेही हेच सांगितलं.

मग एल्कला का नाही कोंडत?

एल्क पार्कच्या आसपास खूप जास्त आहेत, डोंगरभर पांगलेले असतात, आणि त्यांच्या शिकारीवर त्या राज्यांचा चांगला धंदा चालतो. एल्क पकडून कत्तलखान्यात पाठवायचं म्हटलं तर माँटानात निवडणूक हरायची सोपी पद्धत होईल ती. बायसनवाले याला सरळ दुटप्पीपणा म्हणतात. गुरंवाले म्हणतात की बायसनकडून झालं नाही कारण आम्ही त्यांना गायींपासून लांब ठेवलं म्हणून, आणि हा मुद्दा पूर्ण खोडता येत नाही हे मान्य करायला पाहिजे.

गुरंवाल्यांना एवढी भीती कशाची?

पैशाची, आणि ती खरी आहे. पूर्वीचे नियम असे होते की एका गोठ्यात रोग सापडला तर अख्खा कळप मारायचा, आणि थोड्या काळात दोन ठिकाणी सापडला तर पूर्ण राज्याचा रोगमुक्त दर्जा जायचा, मग राज्याबाहेर गुरं विकायची तर प्रत्येकाला टेस्टचा खर्च. २००८ मध्ये माँटानाचा दर्जा गेला होता, वर्षभराने परत मिळाला, तेव्हाचा कडवटपणा लोकांच्या मनात आहे. २०१० नंतर केंद्राने नियम सैल केले, आता पार्कच्या भोवतालचा ठरावीक पट्टा तेवढा देखरेखीखाली असतो आणि सगळ्या राज्याला शिक्षा होत नाही. पण पट्ट्यातल्या माणसाच्या गळ्याशी ते आहेच.

दुसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही, ती चराईची. सरकारी जमिनीवर वर्षानुवर्षं स्वस्तात गुरं चरतात, तिथे बायसन आले तर गवताला वाटेकरी येणार. माझ्या मते अर्ध्याहून जास्त भांडण हे गवताचं आहे, रोगाचं नाव पुढे करायला सोपं पडतं.

बायसनला लस द्या आणि मोकळे व्हा, एवढं सोपं नाही का?

मोकाट फिरणाऱ्या हजारो जनावरांना लांबून बंदुकीने लस मारायचा विचार झाला होता, पार्कने २०१४ मध्ये तो सोडून दिला. लस फारशी परिणामकारक नाही, पुन्हा पुन्हा द्यावी लागणार आणि बायसन माणूस दिसला की पळायला लागणार.

क्वारंटाइन म्हणजे नक्की काय करतात? जरा नीट सांगा

हिवाळ्यात गार्डिनरजवळ स्टीफन्स क्रीक इथे पार्कचा एक मोठा कोंडवाडा आहे. खाली उतरणाऱ्या बायसनना घोडेस्वार हळूहळू त्यात वळवतात. आत एकातून दुसऱ्या वाड्यात, मग अरुंद बोळात, आणि बोळाच्या टोकाला लोखंडी खोडा, जनावरांच्या दवाखान्याबाहेर असतो तसाच पण दोन्ही बाजू मशीनने दाबून घेणारा, कारण लाकडाचा बायसनने काडीसारखा मोडला असता. पत्र्यावर शिंगं आपटल्याचा आवाज, फुरफुरणं, वर उभे राहून काम करणारी माणसं मात्र शक्यतो बोलत नाहीत, आवाजाने जनावर आणखी बिथरतं. मिनिट-दोन मिनिटांत दात बघून वय, वजन, रक्ताचा नमुना, कानात बिल्ला, आणि दार उघडलं की तीरासारखं बाहेर.

रक्त पॉझिटिव्ह आलं की ते जनावर क्वारंटाइनसाठी बाद. निगेटिव्ह आलेल्यांपैकी काही निवडून दुहेरी कुंपणाच्या वाड्यात ठेवतात, दोन कुंपणांत एवढं अंतर की बाहेरच्या बायसनचं किंवा एल्कचं नाकसुद्धा आतल्याला लागू नये. मग ठरावीक दिवसांनी परत टेस्ट, परत टेस्ट, आणि गटातलं एक जरी पॉझिटिव्ह निघालं तरी ते बाहेर काढून उरलेल्यांचे दिवस पुन्हा शून्यापासून मोजायला सुरुवात. वळू तसे लवकर सुटतात, साधारण वर्षभरात. मादीला मात्र गाभण राहून व्यायला लागतं आणि मग आई आणि वासरू दोघांची टेस्ट निगेटिव्ह यावी लागते, कारण हा जंतू शरीरात लपून बसतो आणि बाळंतपणात बाहेर येतो. त्यात अडीच-तीन वर्षं सहज जातात. एवढं करून रोगमुक्त ठरले की माँटानाच्याच ईशान्य कोपऱ्यातल्या फोर्ट पेक रिझर्व्हेशनवर रवाना, आणि तिथे आणखी वर्षभर देखरेख आणि टेस्ट.

म्हणजे हिशोब लक्षात घ्या. वाड्यात जागा मोजकी, एक जनावर ती दोन-तीन वर्षं अडवून बसतं, आणि दर हिवाळ्याला नवीन शेकडो दारात. पार्कने देणग्या घेऊन वाडे वाढवले, ८० जनावरांची सोय होती ती २००च्या आसपास नेली, तरी ज्या वर्षी हजार खाली उतरतात त्या वर्षी ती कुठे पुरणार. ज्यांना जागा नाही त्यांच्यातले बरेच निगेटिव्ह असूनही कत्तलखान्यात जातात.

फोर्ट पेकला मोठा वाडा आहे ना? मग पहिल्यापासून तिथेच का नाही ठेवत?

बरोबर पकडलंत! असिनीबोइन आणि सू या दोन ट्राइब्जनी तिथे शेकडो जनावरांची सोय असलेला क्वारंटाइन वाडा बांधून ठेवलाय, खास याच कामासाठी. पण पहिले टप्पे पार्कच्या भोवतालच्या देखरेखीच्या पट्ट्यातच पूर्ण झाले पाहिजेत असा राज्याचा आणि केंद्राच्या पशुरोग खात्याचा हट्ट आहे, रोगाची शंका असलेलं जनावर सातशेच्या वर किलोमीटर ट्रकने नेऊन रोगमुक्त भागात कशाला ठेवायचं हे त्यांचं कारण. त्यामुळे इकडे वाडा फुल्ल आणि तिकडे वाडा रिकामा, असं कितीतरी वर्षं बघायला मिळालंय. सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

किती बायसन गेले आत्तापर्यंत?

फोर्ट पेकला यलोस्टोनचे पहिले साठेक बायसन मार्च २०१२ मध्ये पोचले, त्यातले ३४ पुढच्या वर्षी फोर्ट बेलनॅपला गेले. दोन्ही वेळा कोर्टकचेरी झाली, शेवटी माँटानाच्या सुप्रीम कोर्टाने ट्राइब्जच्या बाजूने निकाल दिला. जानेवारी २०१८ मध्ये तर कुणीतरी रात्रीत क्वारंटाइनचं कुंपणच कापलं आणि फोर्ट पेकला जायचे ५२ वळू बाहेर पडले. कापणाऱ्याला बहुतेक वाटलं असेल आपण त्यांना स्वातंत्र्य देतोय, प्रत्यक्षात त्यांचं जाणं लांबलं.

नियमित कार्यक्रम २०१९ पासून, तेव्हा ५५ वळू गेले, आणि २०२४ पर्यंत सगळे मिळून चारशेच्या वर. कौतुक करायचं तर करा, पण वरचा दीड हजाराचा आकडा एका हिवाळ्यातला होता हे शेजारी ठेवून बघा.

फोर्ट पेकनंतर पुढे कुठे?

तिथे थोडे राहतात, बाकीचे इंटरट्रायबल बफेलो कौन्सिल या ट्राइब्जच्या संघटनेमार्फत वाटले जातात. संघटना १९९० च्या सुरुवातीची, ऐंशीच्या वर ट्राइब्ज सभासद आहेत, सगळ्यांच्या कळपांची बेरीज २०,००० च्या पुढे. ऑगस्ट २०२० मध्ये एका फेरीत ४० वळू ९ राज्यांतल्या १६ ट्राइब्जकडे गेले. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीनच आले, पण छोट्या कळपाला नवं रक्त मिळायला तेवढे पुरतात.

सगळे बायसन यलोस्टोनचेच असतात का?

नाही, उलट संख्येने जास्त दुसरीकडून जातात. बॅडलँड्स, विंड केव्ह, थिओडोर रूझवेल्ट या पार्कमध्ये ब्रुसेलोसिस नाही, तिथे दर शरद ऋतूत पकडतात, तपासतात, ट्रेलरमध्ये भरतात, संपलं. साउथ डकोटात रोझबड सू लोकांनी २८,००० एकरांवर वोलाकोटा नावाची चराई उभी केली, तिथे २०२० मध्ये पहिले शंभर असेच आले. वायोमिंगमध्ये ईस्टर्न शोशोनींना २०१६ मध्ये पहिले दहा आयोवातून मिळाले.

ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावरही कळप आहे, त्यांचे पूर्वज १९०६ मध्ये एका माणसाने गाय-बायसनचा संकर करायला आणले होते. ते आता पाण्याच्या जागा तुडवतात म्हणून तिथूनही ट्राइब्जना देतात. २०२१ मध्ये तिथे बायसन मारून कमी करायला १२ नेमबाजांची जागा काढली तर ४५,००० वर अर्ज आले होते, आपल्याकडच्या तलाठी भरतीची आठवण झाली मला.

ट्राइब्जना यातून काय मिळतं?

हे ट्राइबप्रमाणे बदलतं. कुठे शाळेच्या जेवणात आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी मांस जातं, रिझर्व्हेशनवर मधुमेहाचं प्रमाण फार आहे आणि बायसनच्या मांसात चरबी कमी, त्यामुळे याला नुसतं भावनिक समजू नका. कुठे समारंभासाठी लागतात, कुठे पोरांना मारणं, सोलणं, वाटणं शिकवतात. काही ठिकाणी बाहेरच्या शिकाऱ्यांना परवाने विकून कळपाचा खर्च निघतो. फोर्ट पेकचा कळप उभा करणारे रॉबी मॅग्नन, ट्राइबच्या वन्यजीव खात्याचे बरीच वर्षं प्रमुख होते, यांच्यासारख्या लोकांचं म्हणणं थोडक्यात असं की बफेलोंनी आमच्या पूर्वजांना सांभाळलं, आता आमची पाळी.

ट्रेलर पोचतो तेव्हाचे व्हिडिओ आहेत ते बघा. भर थंडीत पिकअप गाड्या लावून लोक उभे, ढोल आणि गाणं, ट्रेलरचं दार उघडतं आणि पहिले काही क्षण काहीच होत नाही, आतून नुसती वाफ. मग एकाने उडी मारली की बाकीचे धडाधड, आणि बघता बघता नुसते काळे ठिपके.

आणि शिकारीचं काय? ट्राइब्जच मारतात असंही ऐकलं

हो, आणि त्यात विरोधाभास नाही. नेझ पर्स, सेलिश-कुटेनाई वगैरे ट्राइब्जनी १८५५ च्या करारांत जमीन सोडली पण मोकळ्या सरकारी जमिनीवर शिकारीचा हक्क राखून ठेवला, तो आजही चालतो. अडचण जागेची आहे. गार्डिनरजवळ बीटी गल्च नावाचा छोटासा भाग, पार्कमधून बाहेर येणारी वाट तिथूनच, आणि हद्दीवर शिकारी ओळीने उभे. आजूबाजूला घरं आहेत, सुरक्षेवरून तक्रारी होतात, आणि स्वतः काही ट्राइब्जच्या लोकांनाही हे बघवत नाही. बायसनना पुढे पसरू दिलं असतं तर एका चिंचोळ्या जागेत ही गर्दी झाली नसती.

पब्लिक लँड एवढी पडली आहे, मग तिथे का सोडत नाहीत?

कारण कागदावर बायसन धड जंगली प्राणी नाही आणि धड पाळीव नाही. माँटानात यलोस्टोनहून आलेल्या बायसनवर पशुधन खात्याचा अधिकार चालतो, एल्कवर वन्यजीव खात्याचा. २०२१ मध्ये राज्याने कायदा केला की कुठल्याही काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, जंगली बायसन आणायचे तर तिथल्या काउंटी कमिशनरांची परवानगी पाहिजे, आणि त्याच वर्षी राज्याने स्वतःचाच २०२० चा बायसन प्लॅन एका कोर्ट तडजोडीत दहा वर्षांसाठी गुंडाळला. रिझर्व्हेशनवर ट्राइबचं स्वतःचं सरकार आहे, तिथे राज्याचं तेवढं चालत नाही, म्हणून आज ट्राइब्जच्या जमिनी हाच त्यातल्या त्यात मोकळा रस्ता.

मध्य माँटानात अमेरिकन प्रेरी नावाची संस्था रँच विकत घेते आणि त्यांना जोडलेल्या सरकारी जमिनीवर बायसन चारते, २०२२ मध्ये केंद्राच्या जमीन खात्याने त्याला मंजुरी दिल्यावर राज्य आणि गुरंवाले लगेच विरोधात उभे राहिले. त्या भागातून गाडीने गेलात तर कुंपणांवर 'काउबॉय वाचवा' अशा अर्थाचे बोर्ड दिसतात. त्यांचाही जीव गावात अडकलाय, एकेक रँच विकली गेली की शाळेतली पोरं कमी होतात.

होऊ शकत नाही असं मात्र नाही. युटामध्ये १९४१ साली यलोस्टोनहून १८ बायसन वाळवंटात नेऊन सोडले, ते स्वतःच चालत हेन्री माउंटन्समध्ये गेले आणि आजही सरकारी जमिनीवर मोकळे आहेत, रोग नाही, परवान्याची शिकार चालते, गुरंही त्याच डोंगरावर चरतात. तिथे बायसन गवत संपवतात म्हणून ओरड झाली तेव्हा संशोधकांनी मोजलं, तर निम्मं गवत गायी खात होत्या, एक तृतीयांश ससे, आणि बायसन जेमतेम १४ टक्के. सशांवर केस करणार कोण!

कॅनडात बॅन्फ पार्कने फेब्रुवारी २०१७ मध्ये एल्क आयलंडमधून १६ नेले, त्यातल्या १० गाभण माद्या. प्रवासात एकमेकांना भोसकू नयेत म्हणून शिंगांवर रबरी पाइपचे तुकडे बसवले, कंटेनरमध्ये भरून ट्रकने, आणि रस्ता संपला तिथून कंटेनर हेलिकॉप्टरला टांगून दरीत. दीडेक वर्ष कुंपणात ठेवलं म्हणजे तिथेच व्याल्या आणि जागा आपली समजायला लागल्या, मग कुंपण उघडलं. आता शंभराच्या वर आहेत.

आपल्याकडे असं कुणी केलंय का?

केलंय, गव्यांच्या बाबतीत. बांधवगडमधले गवे १९९० च्या दशकात संपले होते, जानेवारी २०११ मध्ये कान्हातून १९ गवे बेशुद्ध करून ट्रकने नेले, पुढच्या वर्षी आणखी, एकूण ५०, आणि तो कळप टिकला. पण तिथे एका जंगलातले गवे दुसऱ्या जंगलात नेले, दोन्ही बाजूंना वनखातंच, मधे कुणाचा विरोध नाही.

खर्च कोण करतं?

केंद्र सरकार, ट्राइब्ज आणि देणगीदार संस्था. मार्च २०२३ मध्ये तेव्हाच्या अंतर्गत खात्याच्या मंत्री डेब हालंड, स्वतः लगुना प्वेब्लो ट्राइबच्या, यांनी बायसनसाठी अडीच कोटी डॉलर जाहीर केले होते.

सध्या घोडं कुठे अडलंय?

जुलै २०२४ मध्ये पार्कने नवीन प्लॅन मंजूर केला, कळप ३,५०० ते ६,००० च्या दरम्यान ठेवायचा आणि कत्तलखान्यापेक्षा ट्राइब्जकडे जिवंत पाठवण्यावर आणि ट्राइब्जच्या शिकारीवर जास्त भर द्यायचा. डिसेंबर २०२४ च्या शेवटी माँटानाने त्यावर केस टाकली, आकडा ३,००० च्या जवळपास आणा म्हणून.

बघायला जायचं असेल तर?

यलोस्टोनच्या लामार दरीत पहाटे किंवा संध्याकाळी जा, बहुतेक वेळा रस्त्यावरच आडवे येतात आणि तुमची गाडी अर्धा तास उभी. एप्रिल-मे मध्ये केशरी रंगाची वासरं असतात. २३ मीटरच्या आत जायचं नाही हा नियम आहे आणि सेल्फीवाले दरवर्षी तो मोडून उडवले जातात, हे धूड ताशी ५५ किलोमीटरने पळतं. क्वारंटाइनचे वाडे बघायला मिळत नाहीत. ट्राइब्जचे कळप बघायचे तर त्यांच्या वन्यजीव खात्याला आधी विचारा, ती त्यांची जमीन आहे, कुठेही गाडी थांबवून कुंपणाशी जाऊन उभं राहू नका.